राधाबाईंच्या पडवीतला खटला

निवेदिका ज्या आवाजात गुळाचे आणि शेंगतेलाचे बाजारभाव सांगायची, त्याच आवाजात तिने सांगितलं की ‘पुढली तारीख’ या नभोनाट्याचा शेवटचा भाग येत्या बुधवारी होईल, आणि तोही नेहमीसारखा रात्री आठला नव्हे, तर संध्याकाळी साडेसहाला. मग सनई लागली. दत्तारामच्या अडकित्त्यात अर्धी कातरलेली सुपारी होती, ती तशीच राहिली. शेवटचा. म्हणजे त्याच्या पुढचा नाही. एवढी गोष्ट जामसंड्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला कळायला हरकत नव्हती, थान कितीही मोठं असलं तरी त्याला शेवटचा वार असतोच, हे तो रोज हाताने मोजून बघत होता. पण राधाबाईंच्या पडवीत, खिडकीतल्या त्या रेडिओसमोर, आजूबाजूला दहा-बारा माणसं बसलेली असताना त्याला वाटलं की आपल्या पायाखालची घोंगडी कोणीतरी हलकेच ओढली. त्याने रेडिओकडे पाहिलं नाही. पलीकडे खांबाला टेकून बसलेल्या अक्काकडे पाहिलं. अक्का रेडिओकडे पाहत होती. तिच्या हातातलं फुलांचं वळेसर अर्धं ओवून थांबलं होतं.

प्रश्न : आपलं नाव?

उत्तर : दत्ताराम.

प्रश्न : खांबाला टेकून बसलेल्या त्या बाई आपल्या कोण?

उत्तर : सख्खी बहीण. दुर्गा. आम्ही अक्का म्हणतो.

प्रश्न : आपण त्यांच्याशी बोलता?

उत्तर : दर बुधवारी.

प्रश्न : थेट?

(साक्षीदार सुपारी कातरतो.)

नाटकातली उलटतपासणी दोन वर्षं ऐकून ऐकून त्याच्या डोक्यालाही हीच सवय लागली होती. दुकानात एकटा असला, दुपारी गिऱ्हाईक नसलं, की आतला कोणीतरी काळा कोट घालून उभा राहायचा आणि याला पिंजऱ्यात घ्यायचा. नाटकातला खटला साधाच होता. पुण्यातला एक कंपाउंडर, रघुवीर त्याचं नाव. त्याच्या हातून शेटजींना चुकीच्या बाटलीतलं औषध गेलं आणि शेटजी मेले. सरकारी वकील म्हणत होते, जाणूनबुजून विष घातलं. आरोपीचे वकील म्हणत होते, चूक झाली. बस्स, एवढंच. एवढ्यावर दोन वर्षं निघाली. साक्षीदार येत, फुटत, आजारी पडत, तीर्थयात्रेला जात, आणि दर बुधवारी न्यायमूर्ती हातोडा आपटून पुढली तारीख देत. जयराम, जो देवगडच्या कोर्टात एका वकिलाकडे कारकुनी करायचा आणि जो पहिल्या दिवसापासून हे नाटक किती खोटं आहे हे सांगायला न चुकता हजर असायचा, तो म्हणायचा, "हातोडो खंयचो? आमच्या कोर्टात हातोडो नाय, पंखो पण नाय. ह्या नाटकात खऱ्या त्या फक्त तारखा."

आता तोच जयराम पडवीच्या पायरीवर उभा राहून चष्मा पुसत होता. "बरा झाला संपता ता," तो म्हणाला, "बुधवारची सहा मैल तंगडतोड वाचली," आणि चष्मा पुसतच राहिला. शेवंतीला वेगळीच काळजी. ती भाजी विकायला बाजारात बसायची, आणि तिने रघुवीर सुटावा म्हणून ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. गुरवाने विचारलं, माणूस खंयचो? तर ही म्हणाली, मुंबई केंद्र. गुरवाने तसंच म्हटलं देवीला. त्यालाही केंद्र म्हणजे कुठलातरी गावच वाटला असावा. "नारळ ठेवून पावसाळो झालो," शेवंती म्हणाली, "आता देवीन निकाल लावलो तर लावलो, पण सुटलो तर आमका काय, तो काय आमच्याकडे येवचो आसा काय?" राधाबाई मोकळ्या झाल्यासारख्या कपबश्या गोळा करत होत्या. त्यांचे यजमान बोटीवर, रेडिओ त्यांनीच आणलेला. दोन वर्षं त्यांची बॅटरी, त्यांची साखर, त्यांचं सारवण. "सुटलंय बाय एकदाची," असं म्हणत त्या आत गेल्या, आणि आतून बराच वेळ कपबश्यांचा आवाज आला नाही.

अक्का उठली. वळेसर पदरात घेतलं. जाता जाता ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "फाशी जातलो बुधवारी. बघूक नको." दत्तारामने जयरामच्या खांद्यावरून अंधाराला उत्तर दिलं, "जयरामभाऊ, जेंका फाशीची एवढी घाई आसा, तेंका सांगा, अजून आरोपीच्या वकिलाचा बोलना बाकी आसा." पायरीवर अक्काची पावलं क्षणभर थांबली. हसली असावी. मग गेली.

असं चालायचं. नऊ वर्षं बहीण-भावाचा अबोला, आणि त्यातल्या दोन वर्षांचे बुधवार हे असे. पहिल्या बुधवारी दत्ताराम सुपारी कातरत बसलेला असताना अक्का पडवीत आली होती, त्याला पाहून तिने पायरीवरचा पाय मागे घेतला होता, तेवढ्यात न्यायमूर्तींचा हातोडा पडला आणि शेजारणीने तिला हाताला धरून खाली बसवलं. मग भाग संपेपर्यंत उठणं झालं नाही. संपल्यावर ती रेडिओला म्हणाली, "मेल्यान मुद्दाम घातलां वीख." आणि दत्तारामला, जो तोवर आरोपी कोण हेही नीट ऐकत नव्हता, त्याला एकदम कंठ फुटला. तो जयरामला म्हणाला, "हेतू काय होतो आरोपीचो? हेतू कोणी विचारलां?" त्या दिवसापासून अक्का सरकारी वकील आणि दत्ताराम आरोपीचा. आठवडाभर तो मुद्दे जमवी. दुकानात गिऱ्हाइकाला चिटाचं कापड दाखवता दाखवता मध्येच त्याचे डोळे चमकत, आणि बाई म्हणत, हा रंग एवढा चांगला आहे का? बुधवारी तो न चुकता दाढी करायचा. त्याची बायको सावित्री चुलीपुढून म्हणायची, "तुमचो अबोलो, पण भांडतास एवढा झ्याक की माका हेवो वाटता. माझ्यावांगडा असा कधी भांडलास?"

एकदा तर त्याने जयरामला विनोद सांगितला होता, की शेटजी औषधाने नाही मेले, सरकारी वकिलाचं भाषण ऐकून मेले. आणि खांबाकडून अक्काचं हसू आलं, ते जुनं, नाकातून सुरू होऊन मग न आवरणारं. ते ऐकल्यावर दत्ताराम पाच वर्षांचा होऊन तिच्या कडेवर बसला. आई गेली तेव्हा तो दूधपिता होता, अक्का बारा-तेरा वर्षांची. तिची कंबर ही त्याची पहिली बसायची जागा. कडेवरून दिसायचं ते तिच्या कानामागचा तीळ आणि पलीकडे देवगडच्या खाडीतले पडाव. ती त्याला घेऊनच नाचणी दळायची, तो जात्याच्या तालावर झोपायचा. पुढे तिचं लग्न गावातच वरच्या आळीत झालं, तरी सकाळी शाळेत जाताना तो तिच्या दारावरून जायचा आणि ती त्याची टोपी सरळ करायची. तो बाप्या माणूस झाला, मिशा आल्या, तरी टोपी सरळ करायचीच; बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. तिचे बोल तेव्हा त्याला सुपारीच्या खांडासारखे वाटत, कडक, पण तोंडात ठेवले की बरं वाटणारे. आणि मग ते—

ते म्हणजे लुगडं. त्याच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी बेळगावच्या मालात एक अंजिरी लुगडं आलं, रेशीमकाठी. ते हातात धरताच त्याला कळलं की हे विकायचं नाही. त्याने ते काचेच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाइकांनी मागितलं तर म्हणायचा, दिलेलं आहे. आपल्या लग्नात करवलीचा मान म्हणून अक्काला द्यायचं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही, सावित्री तर तेव्हा घरात यायचीच होती. दोन वर्षं ते तिथे होतं. दुपारचं ऊन दुकानाच्या दारातून तिरकं आत यायचं आणि नेमकं त्या फळीपर्यंत पोचायचं. लग्नात मांडवामध्ये अक्काने घडी उलगडली. उजेडात धरली. घडीवर लांबच लांब फिका पट्टा उतरला होता. सगळे नातेवाईक बघत होते. "शिळ्या मालाक गिऱ्हाईक गावला नाय, म्हणान भैणीक?" एवढं म्हणून तिने ते पाटावर ठेवलं आणि ती गेली.

प्रश्न : आपण तेव्हाच का नाही सांगितलंत, की ते दोन वर्षं तिच्यासाठीच राखलं होतं?

उत्तर : मांडव होता. बोहल्यावर होतो. तोंडापुढे अंतरपाट.

प्रश्न : अंतरपाट काही नऊ वर्षं नसतो.

उत्तर : दुसऱ्या दिवशी गेलो. तिने दार लावलं. मग मी नाही गेलो. मग तिने माझ्या थोरल्याच्या बारशाला येणं टाळलं. मग मी—

प्रश्न : जेवढं विचारलं आहे तेवढंच सांगा.

उत्तर : मला भीती वाटली, की सांगितल्यावरही ती म्हणेल, खोटं.

तो बुधवारपर्यंतचा आठवडा त्याला नीट आठवेना, आठवडा चालू असतानाच. सोमवारी त्याने शेवंतीला परकराचं कापड मीटरने मोजून वाराच्या भावाने दिलं आणि ती खुशीत गेली. मंगळवारी उभ्या दुकानात तो अक्काशी बोलला, म्हणजे मनात, आणि सगळं सुरेख जमलं. पण तिच्याकडून उत्तर येईना, कारण उत्तर अक्काच देऊ शकत होती, त्याला ते बनवता येत नव्हतं. त्याला आपली स्थिती एकदम स्वच्छ दिसली. बुधवारचा रेडिओ बंद झाला की भांडायला रघुवीर उरणार नाही. रघुवीर नाही तर जयरामच्या खांद्यावरून पाठवायला शब्द नाहीत. मग ती वरच्या आळीत आणि आपण खालच्या, मधला रस्ता तेवढाच, आणि बोलायचं काय? कंपाउंडर सुटो की मरो, दत्तारामला आता पर्वा नव्हती. त्याला हवी होती ती फक्त पुढली तारीख. आणि तरी या भीतीच्या बुडाशी काहीतरी उकळत होतं, पेजेवर येतो तसा फेस, आणि तो चक्क आनंद होता. एखाद्या माणसाशी बोलणं संपेल म्हणून एवढं घाबरायला होतं, म्हणजे बोलणं होतं तर.

बुधवारी सगळे लवकर आले, कोणी न बोलावलेलेही. अक्काचा खांब मोकळा ठेवला होता. सूर्य खाडीच्या तोंडाशी पोचला होता आणि पडवीत सगळ्यांचे चेहरे तांब्याचे झाले होते. राधाबाईंची मात्र धांदल. कार्यक्रम साडेसहाला म्हणजे ऐन दिवेलागणीला. त्यांनी तुळशीपुढे दिवा लावला, देवापुढे लावला, मुलांकडून शुभंकरोती उरकून घेतली, आणि पदर खोचून रेडिओजवळ उभ्या राहिल्या. "जयरामभाऊ, आज वायट काय बोलनत नाय ना? तिन्हीसांज आसा."

"निकाल आसा, राधाबाई. निकाल म्हटल्यार बरो, नाय तर वायट."

"म्हणजे?"

"गप रवा गे, सुरू झाला!" शेवंती ओरडली.

सुरू झालं. दोन्ही वकिलांची शेवटची भाषणं झाली. आरोपीचे वकील असे बोलले की पडवीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि दत्तारामला वाटलं, आपलं सगळं हाच बोलून टाकतो आहे, आपल्यासाठी काही ठेवत नाही. त्याने अक्काकडे पाहिलं. ती हातावर हनुवटी ठेवून ऐकत होती. सरकारी वकिलाच्या भाषणाला तिने मान डोलावली नाही. हे त्याच्या ध्यानात आलं आणि राहून गेलं. मग हातोडा. मग शांतता, त्यात फक्त खरखर आणि खालून समुद्र. न्यायमूर्तींनी घसा साफ केला. "आरोपी रघुवीर, तुमच्यावरील आरोप मृत्युदंडास पात्र आहे. सर्व साक्षीपुरावा पाहून हे न्यायालय तुम्हाला—"

खट्.

राधाबाईंचा हात बटणावर होता. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मागे हात घालून बॅटरीची वायर उपटली आणि ती मुठीत धरून उभ्या राहिल्या.

"राधाबाई! अगो, ह्या काय केलंस?"

"माझ्या घरात दिवेलागणीक फाशीचा नाव नको!" त्यांनी वायर पदराआड घेतली. "वास्तू तथास्तु म्हणता. माझो घो दर्यार आसा. तुमचो रघुवीर ऱ्हवलो बाजूक."

जयरामने वायर मागितली, विनवली, कायद्याची भाषा केली, शेवटी हात जोडले. वायर मिळाली, लावली, तोवर मुंबई केंद्र भातावरच्या करप्याबद्दल शेतकरी बांधवांना मार्गदर्शन करत होतं. पडवीत एकदम कल्लोळ उठला. "तुमका— पुढे काय? निर्दोष सोडता म्हणालो असतलो!" "नाय, आवाज जड होतो न्यायमूर्तीचो!" "माझो नारळ!" शेवंती म्हणाली, "माझ्या नारळाचा काय झाला ता माका कोण सांगतलो?" जयरामने आपल्या मुंबईच्या भाच्याला विचारून घेण्याची तयारी दाखवली. दोन वर्षांचा खटला शेवटच्या शब्दावर तुटला होता आणि दत्तारामला हसू फुटत होतं, ते तो दाबत होता.

"कोणी कोणाक विचारूचा नाय," अक्का म्हणाली.

तिने ते खणखणीत म्हटलं. सगळे वळले.

"सुटलो तो," ती रेडिओकडे, त्या मुक्या पेटीकडे बघत म्हणाली. "हेतू वायट नव्हतो तेचो. हातातसून चूक झाली. चुकीक काय फाशी देतत?"

दोन वर्षं जिने रघुवीरला दर बुधवारी फासावर चढवलं, तिचंच हे बोलणं. दत्तारामच्या कानांत खरखर सुरू झाली. हे कोणाबद्दल चाललं आहे, हे त्याला कळलं होतं. पाठमोरी असूनही तिच्या मानेवरून कळलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. सुटका पदरात घ्यायची आणि घरी जायचं. कुठल्याही शहाण्या आरोपीने तेच केलं असतं. पण त्याच्या आत आनंदाचा असा लोंढा आला की त्याला उभं राहावं लागलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"नाय गे अक्का! चुकलोच तो! कंपाउंडर मरे, बाटली उजेडात धरून बघूक नको? बघल्याशिवाय दितत काय कोणाक? तेका शिक्षा होवकच होयी!"

राधाबाईंच्या हातातली काडेपेटी खाली पडली, ती कोणी उचलली नाही.

अक्का गर्रकन वळली. नऊ वर्षांनी तिने त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. तिला त्यात काय दिसलं कोण जाणे. मिशांत पिकलेले केस दिसले असतील.

"तू गप रव!" ती कडाडली. "मी सांगतंय ना सुटलो म्हणान! दोन वर्सा तूच बोंबलत होतंस, हेतू बघा, हेतू बघा. आता मी बघलंय तर तुका फाशी होयी? शिरां पडो तुझ्या वकिलीर!"

"पण चूक ती चूक, अक्का!"

"चूक बघणाऱ्याची पण असता! साक्षीदाराक विचारल्याशिवाय निकाल दिलो, ती कोणाची चूक?"

"ता खंय आसा नाटकात?"

"आसा! तू नीट आयकनस नाय!"

आणि मग दोघं जी भांडली, ती पडवीने तोंडात बोट घालून ऐकली. मध्ये ना जयराम होता, ना रेडिओ, ना अंधार. शेवंतीने पहिल्यांदा हसायला सुरुवात केली, मग राधाबाई, मग सगळेच, जयराम चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "राधाबाई, येत्या बुधवारी पण येतंव आमी. अपील आसा." "येवा," राधाबाई म्हणाल्या, "पण साखर घेवन येवा." भांडणाऱ्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

रस्त्याला लागेपर्यंत उजेड पार विझला नव्हता. बागांमधून आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. अक्का पुढे, दत्ताराम अर्ध्या पावलाने मागे, अंगात ताप असल्यासारखा हलका. त्याला वाटलं, आता सांगावं. नऊ वर्षं पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"अक्का, त्या लुगड्याचा—"

"खंयचा लुगडा?" ती न वळता म्हणाली. "आणि किती बारीक झालंस रे तू? मनगटा बघ. सावित्री डाळीत मीठ जास्त घालता म्हणतत, खरा काय? आणि थोरल्याक शाळेत कोणी मारलान म्हणे, आणि तू दुकानात बसान ऱ्हवलंस? मी असतंय तर मास्तराची शेंडी उपटून हातात दिलंय असतंय. धाकट्या चेडवाचे डोळे आमच्या आवशीसारखे आसत, देवळात बघलंय मी, लांबसून. आणि ह्या काय, टोपी पण आजकाल घालनस नाय?"

तिच्या शब्दांना विराम नव्हता. नऊ वर्षांचे आजार, बारशी, मेलेल्या म्हशी, नव्या विहिरी, कोण मुंबईला गेलं आणि कोण परत आलं, सगळं एकातून एक निघत होतं. त्याने मध्ये एकही शब्द घातला नाही. वरच्या आळीचं वळण आलं. तिच्या घराचं फाटक आलं, आतला दिवा दिसला, आणि बोलता बोलता फाटक मागे पडलं. तिच्या ध्यानात आलं नाही. दत्तारामने तिला सांगितलं नाही.